रंगाच्या तक्त्यात दोनशे पंचावन्न

चहा ओता आधी, पण घोट गिळून मगच ऐका. मागं एकाला हे सांगताना त्याला ठसका लागला आणि शर्ट माझा खराब झाला.

तर काय झालं, मी एका जिवंत माणसाला मारलं. हसू नका, खरंच मारलं! हातात काठी नाही, काही नाही, नुसते आकडे. आणि माणूस तरी कोण? माझे होणारे सासरे!

‘होणारे’ हा शब्द नीट ऐका, कारण सगळा जीव त्या शब्दातच टांगला होता. बारामतीत माझा फोटो स्टुडिओ आहे, राहायला जळोचीत. मुलगी कऱ्हाटीची, अश्विनी. स्थळ आणलं माझ्या सुप्याच्या आत्यानं. सुपारी फुटली होती, साखरपुडा पुढच्या रविवारी. सगळे खूश, एक तात्या सोडून. तात्या म्हणजे अश्विनीचे वडील. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, “फोटू काढून पोट भरतं व्हय?”

“भरतं की,” मी म्हणालो.

“बगू,” तात्या म्हणाले.

त्या ‘बगू’नं माझं जेवण निम्म्यावर आलं. रोज वाटायचं, आज निरोप येणार, आज मोडणार. मी मुळात घाबरट. फोन वाजला तरी आधी छातीवर हात जातो, मग फोनवर.

अशात आली तात्यांची एकसष्टी, साखरपुड्याच्या बरोबर आधीच्या रविवारी. अश्विनीचा भाऊ गणेश, म्हणजे माझा होणारा मेहुणा, म्हणाला, “दाजी, संध्याकाळी गुपचूप कार्यक्रम करू. घरात कुणाला पत्ता लागू द्यायचा न्हाय. तुमी फकस्त झकास बॅनर करून द्या मोबाईलवर पाठवायला. घरचा सोडून बाकी समद्या ग्रुपवर टाकतो. पर हलका करा हां, कऱ्हाटीत रेंज कशी हाय तुमाला ठावं हाय. जड फोटू नुसता फिरत ऱ्हातो, उघडत न्हाय.”

आता सांगा, ही संधी कोण सोडेल? तात्यांना दाखवून द्यायचं होतं की जावई साधासुधा नाही!

रविवारी पहाटेच उठून बसलो. फोटो निवडला तात्यांच्या एका सत्कारातला. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, भरघोस मिशी आणि गळ्यात झेंडूचा हा एवढा हार. वर काळ्या ठळक अक्षरात ‘आदरणीय तात्या’. खाली एक फिकट हिरवी पट्टी, तिच्यावर फिकट गुलाबी अक्षरात ‘एकसष्टीच्या हार्दिक शुभेच्छा’. नाजूक दिसत होतं हो! त्याखाली परत काळ्या अक्षरात, ‘तुमच्यासारखा माणूस पुन्हा होणे नाही. आज सायंकाळी सहा वाजता, राहत्या घरी. समस्त ग्रामस्थ व मित्रपरिवार.’ आणि सगळ्यात खाली, सगळ्यात जाड, माझं आणि माझ्या स्टुडिओचं नाव.

इथं थांबलो असतो तर आज चार लोकांत मान वर करून फिरलो असतो. पण फोटो हलका करायचा राहिला होता ना!

साधी माणसं काय करतात? क्वालिटीचं बटण ऐंशीवर ठेवतात, सेव्ह करतात आणि नाश्त्याला जातात. मी नुकताच एक व्हिडिओ बघितला होता. त्यात कळलं की फोटो लहान करताना सॉफ्टवेअर त्याचे बारीक चौकोनी तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यातली माहिती चाळून घेतं. चाळणीची भोकं केवढी ठेवायची, ते आकड्यांच्या एका तक्त्यात लिहिलेलं असतं. त्याला म्हणतात क्वांटायझेशन टेबल. आकडा मोठा, की भोक मोठं. भोक मोठं, की माहिती जास्त गळते आणि फाईल हलकी होते. असे तक्ते दोन. एक उजेड-अंधाराचा, दुसरा रंगाचा. आणि माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कस्टम’ म्हणून एक बटण होतं. दाबलं की दोन्ही तक्ते उघडे, मनाला येईल तो आकडा भरा!

व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, डोळ्याला उजेड-अंधार जास्त कळतो, रंग कमी कळतो. झालं! मी उजेडाच्या तक्त्यात बारीक आकडे भरले. मिशीचा केस न् केस दिसला पाहिजे. आणि रंगाच्या तक्त्यात? सगळ्या चौकटीत दोनशे पंचावन्न! त्याच्या वरचा आकडा ते घेतच नव्हतं, नाहीतर मी तोही टाकला असता.

सेव्ह केलं. फाईल अशी हलकी झाली की मला माझंच कौतुक वाटलं. आता तुम्ही विचाराल, उघडून बघितली नाहीस का? बघितली ना! पण कुठं बघितली? मोठी करून, मिशीवर. मिशी अर्धी पांढरी, अर्धी काळी. एकदम झक्क दिसत होती. मी गणेशला पाठवून दिली. गणेशनं गाडी चालवता चालवता, न उघडता, सगळ्या ग्रुपवर ढकलली आणि मांडवाचं सामान आणायला मोरगावला निघून गेला.

मी पोहे खायला बसलो. दोन घास खाल्ले असतील, आत्याचा फोन.

“आरं नितीन! फोटू बगितला रं… डोळ्यातलं पाणी खळंना बग.”

मी खूश! म्हटलं, आत्या हळवी झाली. “आवडला ना, आत्या? मीच केलं ते.”

“तू केलंस?”

“मीच! पहाटेपासून त्यांच्याच मागं लागलो होतो. आधी जमतच नव्हतं. शेवटी एकदाचं जमलं.”

आत्या हळूच म्हणाली, “आन् घरच्यास्नी ठावं हाय?”

“छे! त्यांना कशाला सांगायचं? गणेशला तेवढं माहीत आहे. आम्ही दोघांनीच ठरवलं.”

पलीकडून नुसतं “द्येवा रं माज्या” एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद. मला वाटलं रेंज गेली. वर मी बायकांच्या हळवेपणावर आईला दोन शब्द सुनावले!

मग सहज, कौतुकानं, मोबाईलवर तो फोटो उघडला. आख्खा. पहिल्यांदाच.

पोह्याची बशी बाजूला सारली. तात्यांचा चेहरा काळा-पांढरा! मागचं आभाळ करडं, झाड करडं. रंग सगळा माझ्या चाळणीतून गळून गेलेला. राहिला होता फक्त झेंडूचा हार. तो इतका भडक की दोनशे पंचावन्नलाही पुरून उरला. काळा-पांढरा माणूस आणि गळ्यात केशरी हार! आपल्याकडं चौकाचौकात असा फोटो कधी लागतो, मी सांगायला पाहिजे का?

निदान शुभेच्छा तरी वाचतील लोक, म्हणून खाली बघितलं, तर शुभेच्छाच नाहीत! फिकट हिरव्यावर फिकट गुलाबी. दोन्हीचा रंग गेल्यावर करड्या पट्टीवर करडी अक्षरं. पट्टी कोरी! उरलं काय? आदरणीय तात्या. तुमच्यासारखा माणूस पुन्हा होणे नाही. आज सायंकाळी सहा वाजता, राहत्या घरी. आणि खाली जाड अक्षरात मी!

मग आत्याशी काय बोललो होतो, ते एकेक वाक्य आठवायला लागलं. ‘पहाटेपासून त्यांच्या मागं लागलो होतो.’

गणेशला फोन लावला, उचलेना. परत लावला, ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. लगेच अश्विनीचा आला. रडत होती.

“अहो, तुम्हाला कुणी सांगितलं? तात्या सकाळी उसाला पाणी धरायला गेलेत, अजून आले नाहीत. मोबाईल घरीच आहे. लोक यायला लागलेत. तुमचंच नाव आहे खाली. तुम्हाला काय कळलंय ते खरं सांगा हो!”

“अगं, वाढदिवसाचा आहे तो! फक्त रंग गेलाय, तात्या नाही…”

“हॅलो? तात्या काय? हॅलो?”

गेली रेंज! नेमकी ‘तात्या नाही’ ह्यावर गेली. परत लावला तर लागतोय कुठं!

लॅपटॉपची पिशवी सवयीनं पाठीवर अडकवली आणि गाडी काढली. मोरगाव रस्त्यानं मी काय सुटलोय! आईला सांगितलं नाही, ग्रुपवर खुलासा टाकायचंही सुचलं नाही. डोक्यात एकच, साखरपुडा गेला. ज्यानं सासऱ्याला सुपारी फुटल्यावर पंधरा दिवसांत मारलं, त्याला पोरगी कोण देईल? बारामतीत, इंदापुरात, अख्ख्या जिल्ह्यात कोण देईल?

वाटेत एका टेम्पोला ओलांडलं. मागं टाळ-मृदंग घेतलेली भजनी मंडळी. मी खालूनच ओरडलो, “कुठं निघालात?”

“कऱ्हाटीला. तात्या ग्येले.”

“नाही गेले!”

“आमी बी आसंच म्हनलो हुतो पयल्यांदा,” त्यातला एक म्हातारा मान हलवत म्हणाला. “बसंना इस्वास. पर फोटू आलाय.”

फोटो आलाय! फोटोपुढं माझं कोण ऐकणार? आणि खरं सांगू का, पुढच्या वळणावर माझाच धीर सुटायला लागला. तात्या सकाळपासून शेतात. फोन घरी. अजून आले नाहीत. म्हणजे खरंच काही झालं असेल तर? उसात साप असतो, मोटरीला करंट असतो, वय एकसष्ट. माझ्याच चुकीच्या फोटोवर माझा विश्वास बसायला लागला! मी रडत रडत गाडी चालवत होतो, आणि ते रडणं साखरपुड्याचं की तात्यांचं, ते मलाही कळत नव्हतं.

कऱ्हाटीत शिरलो तर कोपऱ्यावरचं दुकान बंद. तात्यांच्या दारात ही गर्दी! आतून बायकांचा आक्रोश. एक शेजारीण टोपल्यात पिठलं-भाकरी घेऊन चाललेली, कारण त्या घरात आज चूल पेटणार नाही ना! इंदापूरहून अश्विनीचे मामा जीप भरून निघालेत, असं कुणीतरी कुणाला सांगत होतं. अंगणात पुरुषमंडळी खाली मान घालून बसलेली. मी फाटकातच उभा राहिलो. मागून टेम्पोही आला, भजनी मंडळी उतरून आत जाऊन बसली.

तेवढ्यात मागच्या बोळातून कोण आलं असेल?

तात्या!

गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडं. जिवंत! ठणठणीत! मला इतका आनंद झाला, की ओरडायला गेलो आणि आवाजच फुटेना. तोंड उघडं, आत काही नाही.

आता तात्यांचं आणि त्यांच्या चुलत्यांचं अंगण एकच. चुलते नव्वदीचे, अंथरुणाला खिळलेले. गर्दी बघून तात्यांना वाटलं, म्हातारं गेलं. त्यांनी फावडं गुपचूप भिंतीला लावलं, टोपी नीट केली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. शेजारी दत्तोबा होते. दत्तोबा म्हणजे तात्यांचे बांधकरी, शेताला शेत लागून. डोळ्यावर टॉवेल धरून बसलेले.

तात्या हळूच म्हणाले, “कवा ग्येलं?”

“सकाळी म्हनं,” दत्तोबा टॉवेलातूनच म्हणाले.

“सुटलं म्हातारं. लई हाल चालले हुते.”

“म्हातारं न्हाय वो. तात्या ग्येले.”

“कंचे तात्या?”

“आता कऱ्हाटीत तात्या किती हायत? आपलेच की.”

“आरं द्येवा!” तात्यांनी कपाळाला हात लावला. कोण तात्या ते अजून त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. “मानूस कसा हुता पर?”

“मानूस सोन्यासारका. फकस्त पाण्याची पाळी आली की कुणाचा बी न्हाय.”

तात्या म्हणाले, “आसं कोण म्हंतं?”

“समदं गाव म्हंतं,” असं म्हणून दत्तोबांनी टॉवेल खाली घेतला आणि शेजारी बघितलं.

त्यानंतर दत्तोबांच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो मी परत कुठं ऐकलेला नाही. पहिल्या दोन रांगा पळाल्या, भजनी मंडळींतला एक मृदंगावरच बसला. अश्विनी आतून धावत आली आणि चिखलानं भरलेल्या तात्यांना तिनं मिठी मारली. तिची आई दाराला धरून नुसती बघत राहिली, हसता येईना न् रडता येईना. मलाही हुंदका आला. पण तो मी घाईघाईनं गिळला, कारण तात्या उभे राहिले होते.

“ह्ये कुणाचं काम?”

दहा-बारा मोबाईल एकदम पुढं आले. तात्यांनी एकाच्यात डोळे बारीक करून बघितलं. वरून खाली, वरून खाली. खालच्या जाड अक्षरांवर त्यांचं बोट थांबलं. आणि सगळी गर्दी फाटकाकडं वळली.

मी काय केलं म्हणता? मी त्यांना तक्ते समजावून सांगितले! उजेडाचा तक्ता, रंगाचा तक्ता, चाळणी, भोकं, दोनशे पंचावन्न. हातवारे करून सांगत होतो. घाम नुसता वाहत होता. तेवढ्यात गणेश मोरगावहून मांडवाचे खांब घेऊन आला आणि भजनी मंडळी बघून म्हणाला, “वा! भजन बी ठरवलं व्हय दाजी?” त्याच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

तात्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मोबाईल परत एकदा डोळ्यापुढं धरला.

“फोटू पर ब्येस आलाय,” ते म्हणाले. “जपून ठीव. फुडं लागंल तवा शोधाशोध नगं.”

कुणीतरी फिसकन हसलं. मला रडू येत होतं. मी हात जोडले. “तात्या, चुकलं. पण लग्न मोडू नका. पाहिजे तर स्टुडिओ बंद करतो.”

तात्यांनी अश्विनीकडं बघितलं. ती डोळे पुसत होती, पण माझ्याकडं बघून तिनं मान खाली घातली नाही. तेवढ्यावर माझा जीव तग धरून होता.

“आसं करू,” तात्या म्हणाले. “दिवस मावळायच्या आत समद्या पावण्या-रावळ्यांस्नी कळलं पायजे, मी जिता हाय. कळलं, तर साखरपुडा व्हईल. न्हाय कळलं, तर तुजं तू बग.”

मी एका पायावर तयार! म्हटलं, आत्ताच फोटो काढू, तुमचा-माझा जोडीनं. लोकांनी आणलेले हार पायरीवर पडलेच होते. तात्या म्हणाले, “वाया कशाला घालवायचं?” त्यांनी एक स्वतःच्या गळ्यात घातला, एक माझ्या. तात्यांनी माझ्या गळ्यात हार घातला! मी तर साखरपुडा झाल्यासारखाच फुललो. गणेशनं माझ्या मोबाईलवर फोटो काढला. दोघं हसतोय, दात दिसतायत.

“खाली काय लिहू, तात्या?”

“काय बी लिवू नगंस! मगाशी लिवलंस त्येवढं पुरं.”

पाठवायला गेलो, तर फोटो नुसता फिरतोय. रेंज! जड होता ना. मग काय, पिशवीतून लॅपटॉप काढला, फोटो त्यात घेतला, तेच सॉफ्टवेअर उघडलं, घाईघाईत सेव्ह केलं. फाईल कशी हलकीफुलकी झाली! तिथूनच सगळ्या ग्रुपवर. ह्या वेळी गणेशवर सोडलं नाही, स्वतःच्या हातानं पाठवला. झटक्यात गेला. मी तात्यांना म्हटलं, “बघा, गेला! आता कुणाला शंका राहणार नाही.”

तात्यांनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला. अश्विनी चहा ठेवायला आत गेली. पिठलं-भाकरी आणलेली शेजारीण म्हणाली, आता आणलंच आहे तर खाऊनच घ्या. मी पायरीवर बसलो, सकाळपासून पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

आणि माझा फोन वाजला. सुप्याची आत्या. आवाज बसलेला, हुंदके चाललेले.

“कोण बोलतंय? नितीनचा फोन कुणाकडं हाय?”

“आत्या, मीच बोलतोय, नितीन.”

“चेष्टा करू नगा वो. माज्या लेकराचा फोन हाय त्यो. आत्ताच दोगांचा फोटू बगितला म्या.”

लॅपटॉप अजून मांडीवरच उघडा होता. हळूच बघितलं. सॉफ्टवेअरनं मागचे आकडे इमानदारीनं जसेच्या तसे ठेवले होते. रंगाच्या तक्त्यात ओळीनं दोनशे पंचावन्न. समोर तात्या आणि मी, काळे-पांढरे, गळ्यात केशरी हार, दात काढून हसतोय.

तात्यांनी वाकून तो फोटो बघितला. मग माझ्या हातातला फोन घेतला आणि कानाला लावला.

“आक्का, म्या तात्या बोलतोय. रडू नगा. नितीन बी हितंच हाय माज्यासंगं. आमी दोगं बी मजेत हाय!”

पलीकडं फोन धाडकन पडल्याचा आवाज सगळ्या अंगणानं ऐकला.

तात्यांनी फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि आत बघून हाक मारली, “आश्वे, साखरपुडा ठरल्यापरमानं करू. पर ह्या गड्याला कॅमेऱ्याच्या फकस्त फुडं उभा करायचा. मागं न्हाय!”